नवा टॅब घ्यावा की थांबावं? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा नवा टॅब बाजारात आला की आमच्या विश्रामबागेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणि व्हॉट्सॲपवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. पालक विचारतात, अकरावीची मुलं विचारतात, तासगावकडचे बागायतदार विचारतात, मिरजेत गाणं शिकणारेही विचारतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अमुक मॉडेल घ्या असं यात कुठेच सांगितलेलं नाही, कारण मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतात. निवडायची रीत मात्र बदलत नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, नवा टॅब लाँच झालाय. घ्यायचा की नाही हे ठरवताना सगळ्यात आधी काय बघू?

टॅब नंतर बघा, आधी घरात बघा. तो रोज कोण वापरणार आणि त्यावर कुठली दोन कामं होणार, हे कागदावर लिहून काढा. नुसतं ‘अभ्यास’ लिहून भागत नाही. ‘ई-बालभारतीची पीडीएफ वाचणं आणि क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर बघणं’ इतकं नेमकं लिहा. ‘शेतीसाठी’ याऐवजी ‘बागेत उभं राहून फवारणीची नोंद करणं’ असं लिहा. अशी दोन कामं सुचली नाहीत तर टॅब कितीही चांगला असो, सध्या नको. हातातला मोबाइल पुरे आहे.

कामं लिहिली की त्या मापाने टॅब तपासायचा. वाचणाऱ्याला पडद्याचा आकार हवा, लिहिणाऱ्याला पेन, उन्हात नेणाऱ्याला पडद्याचा उजेड. मागच्या कॅमेऱ्याला मी सगळ्यात कमी मार्क देतो. पुढचा कॅमेरा ऑनलाइन तासापुरता बरा असला की झालं.

२. किंमत वाजवी आहे की नाही हे कसं ओळखायचं?

टॅबची किंमत त्याच्या उरलेल्या अपडेटच्या वर्षांनी भागा. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात कामाचा हिशेब हाच. टॅबचं लोखंड-काच सहज टिकतं. आधी संपतात ती सुरक्षेची अपडेट. ती संपली की हळूहळू ॲप्स चालायची बंद होतात आणि पैशाच्या व्यवहारांसाठी तो टॅब वापरणं धोक्याचं होतं.

समजा, एक टॅब १६,००० रुपयांचा आहे आणि कंपनी चार वर्षं अपडेट देणार आहे. म्हणजे वर्षाला ४,००० रुपये पडले. दुसरा २४,००० चा, सहा वर्षांचा. तोही वर्षाला ४,०००च. आता पहिलाच टॅब दोन वर्षांनी सेलमध्ये १२,००० ला मिळाला तर स्वस्त वाटतो, पण त्याची दोनच वर्षं उरलेली असतात. वर्षाला ६,००० झाले! अपडेटची वर्षं बहुतेक वेळा लाँचच्या तारखेपासून मोजली जातात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. जुन्या मॉडेलचा मोह पडतो तेव्हा हे विसरायचं नाही.

ही वर्षं कंपनीच्या साइटवर किंवा लाँचच्या बातमीत लिहिलेली असतात. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० मालिकेला सात वर्षं जाहीर केली होती. ॲपलच्या बाबतीत आजवरचा अनुभव बघायचा: २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ चं आयपॅडओएस १८ मिळालं. अपडेटबद्दल कुठेच अवाक्षर नसेल तर मी दोन वर्षं धरतो. आणि कंपनीने सात वर्षं सांगितली तरी सहाच्या पुढे धरत नाही, कारण तोवर बॅटरी दमलेली असते.

३. लाँच झाल्या झाल्या घेऊ, की दसरा-दिवाळीपर्यंत थांबू?

अडलेलं काम नसेल तर थांबा. पहिल्या काही आठवड्यांत टॅबच्या खोडी कळलेल्या नसतात. पेन अडखळतं, वायफाय तुटतं, एखादं ॲप आडव्या पडद्यावर नीट उघडत नाही, असल्या गोष्टी आधी घेतलेल्या लोकांच्या हातात उघड होतात आणि पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्तही होतात.

भावही उतरतो. दहाव्या पिढीचा आयपॅड भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,९०० रुपयांपासून सुरू झाला. मे २०२४ मध्ये त्याची किंमत ३४,९०० झाली. मार्च २०२५ मध्ये पुढचं मॉडेल त्याच ३४,९०० ला आलं आणि त्यात सुरुवातीची जागा ६४ ची १२८ जीबी होती. पहिल्या दिवशी घेतलेल्याचे दहा हजार जास्त गेले. अँड्रॉइडवाल्यांची छापील किंमत एवढी हलत नाही, पण सणाच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावर बरीच सूट बसते.

याला अपवाद मुलांच्या वर्षाचा. जूनमध्ये लागणारा टॅब दोन-तीन हजारांसाठी ऑक्टोबरपर्यंत लांबवला तर अर्धं वर्ष हातचं जातं. तिथे थांबू नका.

४. जाहिरातीत ‘१६ जीबी रॅम’ लिहिलंय आणि किंमत अठरा हजार. खरं असतं का हे?

बारीक अक्षरं वाचा. रॅम म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. बहुतेक वेळा ते ‘८ + ८’ असतं. पहिले आठ खरे. पुढचे आठ म्हणजे साठवणुकीच्या जागेतला तुकडा रॅम म्हणून वापरायची सोय, आणि ती खऱ्या रॅमच्या मानाने फार मंद चालते. हिशेबात फक्त खरी रॅम धरा. वाचन, लेक्चर आणि सोबत एखादं ॲप, एवढ्याला ६ जीबी बरी, ८ उत्तम. आज नव्याने पैसे घालताना ४ जीबीचा टॅब मी कोणालाच सुचवत नाही.

प्रोसेसरचंही असंच. टॅब नवा म्हणजे आतली चिप नवी असं नसतं. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६९५ ही चिप २०२१ मध्ये जाहीर झाली आणि सॅमसंगने ती २०२३ मध्ये आणलेल्या टॅब ए९ प्लसमध्ये वापरली. मीडियाटेकची हेलिओ जी१०० ऐकायला नवी वाटते, पण ती जवळपास २०२२ ची जी९९च आहे. यात फसवणूक नाही, साध्या कामाला या चिपा पुरतात. पण दुकानदार ‘लेटेस्ट प्रोसेसर’ म्हणाला तर चिपचं नाव विचारून ती कुठल्या सालची आहे ते मोबाइलवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

५. साठवणुकीची जागा ६४ जीबी पुरेल की १२८ घेऊ?

१२८ घ्या. ६४ मधले पंधरा-वीस जीबी सिस्टीमच खाते आणि उरलेली जागा डाउनलोड केलेल्या लेक्चरांनी लगेच भरते. मेमरी कार्डची सोय असेल तर ६४ मध्ये निभावता येतं, पण सगळी ॲप्स कार्डावर जात नाहीत. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड बसतच नाही.

६. पडदा ८.७ इंची घेऊ की ११ इंची? मुलाला पुस्तकं वाचायची आहेत.

इंचांवरून अंदाज येत नाही, कारण ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. टॅब उभा धरल्यावर ओळ किती रुंद दिसते, हे बघायचं. ११ इंची अँड्रॉइड टॅब बहुधा १६:१० आकाराचा असतो. तो उभा धरला की पडद्याची रुंदी साधारण १४.८ सेंटिमीटर भरते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे ए-फोरचं पान त्यावर सत्तर टक्के आकाराचं दिसणार. ८.७ इंचीची रुंदी सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास, तिथे तेच पान चोपन्न टक्क्यांवर येतं. आयपॅडचा पडदा जरा चौकोनाकडे झुकलेला असतो, त्यामुळे इंच तेवढेच असूनही उभ्यात त्याची रुंदी पावणेसोळा सेंटिमीटरपर्यंत जाते.

आता हे आकडे बाजूला ठेवा आणि सरळ झेरॉक्सच्या दुकानात जा. मुलाच्या नोट्सचं किंवा पुस्तकाचं एक ए-फोर पान द्या आणि त्याची एक प्रत ७० टक्क्यांवर, एक ५४ टक्क्यांवर काढून मागा. त्या दोन कागदांवर मुलाला पंधरा मिनिटं वाचू द्या. गणिताच्या घातांकातला लहान अंक किंवा नकाशावरची गावांची नावं वाचताना कुठल्या कागदावर तो डोळे बारीक करतो ते बघा. चार-पाच रुपयांत तुमचा निर्णय होतो. माझ्याकडे आलेले बहुतेक पालक ही चाचणी केल्यावर ११ इंचीवर येतात. ८.७ इंची टॅब गोष्टींची पुस्तकं, बातम्या, व्हिडिओ आणि प्रवासासाठी छान, पीडीएफसाठी नाही.

रिझोल्यूशनचं, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येचं म्हणाल तर ११ इंचीला १९२० × १२०० हा मी किमान धरतो. त्याखाली मराठी जोडाक्षरं आणि वेलांट्या फाटल्यासारख्या दिसू लागतात. ९० की १२० हर्ट्‌झ, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, याने वाचनात फरक पडत नाही.

७. मुलगी अकरावी सायन्सला आहे, जेईई-सीईटीची तयारी करायची आहे. टॅब लागेलच का?

लेक्चर आणि नोट्ससाठी उपयोग नक्की होतो, मोबाइलच्या छोट्या पडद्यापेक्षा डोळ्यांना आराम असतो. पण जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा कॉम्प्युटरवर, माउस हातात धरून द्यायच्या असतात. सराव परीक्षा टॅबवर बोटाने देण्याची सवय लागली तर परीक्षाकेंद्रात पहिली काही मिनिटं उगाच जातात. त्यामुळे पूर्ण वेळेचे पेपर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी-शेजारी कॉम्प्युटर असेल तर त्यावर द्यायला लावा.

पैसे घालण्याआधी ‘महाज्योती’ची साइट जरूर बघा. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ही संस्था जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते आणि त्यासोबत तिने टॅबही दिले आहेत. अर्जाची मुदत आणि अटी त्या वेळच्या जाहिरातीत असतात. दहावीचा निकाल लागला की लक्ष ठेवा. मुदत गेल्यावर कळलेले पालक दरवर्षी भेटतात आणि फार वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहेत, त्यासाठी कुठल्याही ॲपला पैसे देऊ नका.

८. पेन असलेलाच टॅब घ्यावा का?

लिहिणारं कोणी असेल तरच. रसायनशास्त्राच्या अभिक्रिया, भूमितीच्या आकृत्या, क्लासच्या पीडीएफवर खुणा यांना पेन उत्तम. नुसतं ‘असू दे’ म्हणून घेतलेलं पेन ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

घ्यायचं असेल तर तीन गोष्टी दुकानात करून बघा. तळहात पडद्यावर टेकवून एक ओळ मराठीत लिहा. हाताच्या स्पर्शाने रेघोट्या उठल्या तर तो टॅब लिहिण्याच्या कामाचा नाही. मग झरझर शिरोरेघा ओढा आणि रेघ पेनाच्या मागे किती राहते ते बघा. शेवटी पेन हळू आणि दाबून चालवा, रेघ जाड-बारीक होते का पाहा. अक्षरासाठी हे नसलं तरी चालतं, चित्रासाठी हवंच. दोनशे-तीनशे रुपयांची रबरी टोकाची पेनं म्हणजे बोटाचीच दुसरी आवृत्ती, त्यांनी वहीसारखं लिहिता येत नाही.

पेनची किंमत टॅबमध्ये मिळवूनच प्रश्न २ चा हिशेब करा. सॅमसंगच्या एस मालिकेत पेन डब्यातच येतं. आयपॅडला ते वेगळं घ्यावं लागतं, आणि यूएसबी-सी वाली ॲपल पेन्सिल दाब ओळखत नाही. चित्रकलेसाठी घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

९. नुसता वायफायवाला घेऊ की सिमवाला? घरी वायफाय नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे.

एका जागी बसून वापरायचा असेल तर वायफाय आणि हॉटस्पॉट पुरतं. फक्त ज्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, तो माणूस कामावर गेला की मुलाचं नेटही जातं. आई-वडील दोघं दिवसभर बाहेर असतील तर सिमवाल्याला जास्तीचे दोन-चार हजार घालणं योग्य. जत, आटपाडीकडच्यांनी आपल्या घरात, आतल्या खोलीत कुठल्या कंपनीची रेंज येते हे बघूनच सिम ठरवावं.

दोन गोष्टी पुष्कळांना नंतर कळतात. यूपीआयची ॲप्स बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच उपकरणात आहे का ते एसएमएसने तपासतात, म्हणून वायफायवाल्या टॅबवर ती सुरू होत नाहीत. दुसरं जीपीएसचं. वायफायवाल्या आयपॅडमध्ये ते नसतं आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबांतही कधीकधी नसतं. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून फोटो काढायचा असेल तर यादीत जीपीएस लिहिलंय का ते बघा, नाहीतर ते काम मोबाइलवरच करा. व्हॉट्सॲप मात्र सिमशिवाय चालतं. मोबाइलवरचं खातं टॅबला जोडता येतं, आणि आयपॅडसाठीही मे २०२५ पासून त्याचं वेगळं ॲप आहे.

१०. टॅबला कीबोर्ड जोडला की लॅपटॉपचं काम होतं ना?

काही होतं, सगळं नाही. पत्र लिहिणं, ईमेल, साधी एक्सेलची पत्रकं ठीक. पण मार्केट यार्डातल्या अडत दुकानांतून, हळदीच्या पेढ्यांतून जे विचारतात त्यांना मी स्पष्ट सांगतो: टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, अँड्रॉइड टॅबवर किंवा आयपॅडवर ते बसत नाही. छपाईच्या धंद्यातल्यांचीही अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली टॅबवर उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमधला मजकूर नीट दिसतो. ज्यांचं पोट या दोन कामांवर आहे त्यांनी तेवढ्याच पैशात जुना पण चांगला लॅपटॉप बघावा.

११. द्राक्षबागेत वापरायचा आहे. कुठला टिकेल?

मांडवाखाली सावली असते, अडचण बांधावर येते. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. भर उन्हात ४०० निट्सचा पडदा आरशासारखा होतो, स्वतःचा चेहरा दिसतो पण औषधाचं नाव दिसत नाही. ६०० च्या वर असेल तर हाताची सावली करून वाचता येतं. निट्सचा आकडा यादीत दिलेला असतो. दिलेला नसेल तर कमीच आहे असं समजा. शक्य असेल तर टॅब दुकानाबाहेर उन्हात नेऊन दाखवायला सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

धूळ आणि पाण्यासाठी आयपी रेटिंग बघा. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ठरावीक खोलीच्या पाण्यातही काही वेळ तग धरतो. असे टॅब महाग असतात. ओल्या किंवा औषध लागलेल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, हातमोज्यांनी तर नाहीच. त्यामुळे निर्यातीसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बागायतदारांना माझा सल्ला असा: बागेत मोबाइल किंवा कागद, आणि संध्याकाळी घरी बसून टॅबवर नोंद. मग साध्या टॅबनेही भागतं आणि वाचलेल्या पैशात माती परीक्षण होतं.

१२. रियाजासाठी तानपुरा-तबल्याचं ॲप लावायचं आहे. काय बघायचं?

मिरजेत खऱ्या तानपुऱ्यांची घरं असताना ॲपवर यावं लागतं, कारण रोज पहाटे जवारी लागलेलं वाद्य सगळ्यांकडे नसतं. या कामाला प्रोसेसर कुठलाही चालतो, स्पीकर बघा. टॅबच्या लहान स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही, नुसती झिणझिण ऐकू येते. दुकानात काळी दोनचा किंवा तुमचा जो सूर असेल तो लावून खर्जाची तार ऐकू येते का ते बघा. येत नसेल तर बाहेरचा स्पीकर लागणार. तो वायरने जोडा. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो. तानपुऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण ठेक्यासोबत स्वतःचं गाणं रेकॉर्ड करताना सम चुकल्यासारखी वाटते. वायरसाठी हेडफोनची गोल खाच आहे का बघा. नसेल तर यूएसबी-सीचा जोड घ्यावा लागेल.

१३. आजोबांसाठी हवा आहे. मराठीतून वापरता येईल का?

येईल. अँड्रॉइडची सेटिंग मराठीत करता येतात, जीबोर्डवर बोटाने गिरवून किंवा बोलून मराठी लिहिता येतं. बोललेलं आपल्याकडच्या उच्चारांतही बरंच नीट उमटतं, ‘ळ’ आणि ‘ण’ सुद्धा. अक्षरं मोठी करून द्या, नको ती ॲप्स पहिल्या पानावरून काढा. वजन मात्र तपासा: ११ इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, पडून वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनगटाला तो जड जातो. त्यांच्यासाठी ८.७ इंची चांगला. प्रश्न ६ मधलं उत्तर इथे उलटतं.

१४. चार वर्षांच्या नातीला स्वतंत्र टॅब द्यावा का?

नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडदा नको, आणि त्याहून कमी तर आणखी चांगलं. तेवढ्यासाठी मोठ्यांचा टॅब शेजारी बसून दाखवा.

१५. सहा-सात हजारांत ‘१२ जीबी रॅम, दहा कोअर’ वाला टॅब ऑनलाइन दिसतोय. कंपनीचं नाव ऐकलेलं नाही.

लांब राहा. अशा टॅबच्या ‘सेटिंग’मध्ये दिसणारे आकडेही खोटे भरलेले असू शकतात. आधीच घेऊन झाला असेल तर सीपीयू-झेड हे मोफत ॲप टाकून खरी चिप आणि रॅम बघा. घेतला नसेल तर डब्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते तपासा. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबला ही नोंदणी सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं. डब्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. असल्या टॅबवर ओटीटीचे सिनेमेही बहुधा अंधुकच दिसतात, कारण उत्तम चित्रासाठी लागणारी वाइडवाइन एल१ मान्यता त्यांना नसते.

१६. ऑनलाइन घेऊ की हरभट रोडवरच्या दुकानातून?

भावात हजारापर्यंतचा फरक असेल तर मी दुकानाकडे झुकतो. हातात धरून बघता येतं, पेन चालवून बघता येतं (प्रश्न ८), आणि दुसऱ्या दिवशी काही निघालं तर समोर माणूस असतो. फरक मोठा असेल तर ऑनलाइन घ्या, पण विक्रेता कोण आहे ते वाचा आणि डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. पार्सलवरचा पत्ता, सील, आतला सीरियल नंबर, सगळं एकाच व्हिडिओत.

दोन्हीकडे पक्कं बिल घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही सवलत नसते, तुमची वॉरंटी विकत घेतली जात असते. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल, कंपोझिशन योजनेत नसाल आणि टॅब धंद्यासाठी असेल तर बिलावर आपला नंबर घाला. २०,००० च्या बिलात सुमारे ३,०५१ रुपये कराचे असतात, ते वळते करून घेता येतात.

१७. नो-कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

पूर्ण नाही. व्याज सूट म्हणून वजा होतं, पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून घेतात. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट कधीकधी ईएमआयवर मिळत नाही. दोन्ही रकमांची बेरीज दुकानदाराकडून लिहून घ्या आणि मग ठरवा.

१८. सांगलीत सर्व्हिस सेंटर नसेल तर घ्यावा का?

महागडा असेल तर नाही. घेण्याआधी कंपनीच्या साइटवर ४१६४१६ हा पिनकोड टाका, मिरजकरांनी ४१६४१० टाकावा. जे केंद्र दिसेल तिथे फोन करून दोनच प्रश्न विचारा: टॅबची दुरुस्ती करता की फक्त मोबाइलची, आणि या मॉडेलचा डिस्प्ले बदलायला किती लागतात. पुष्कळ ठिकाणी टॅब घेऊन पुढे पुण्याला पाठवतात. डिस्प्लेचा खर्च टॅबच्या निम्म्या किमतीला पोचत असेल तर पहिल्याच दिवशी चांगलं कव्हर आणि टफन ग्लास घ्या. नव्याकोऱ्या मॉडेलची कव्हरंसुद्धा इथे लवकर मिळत नाहीत. थांबायला हेही एक कारण आहे.

१९. क्लासने फीसोबत टॅब दिलाय. कोर्स संपल्यावर तो आपला राहतो का?

पैसे भरण्याआधी लेखी विचारा. अशा टॅबमध्ये बऱ्याचदा कंपनीचं कुलूप असतं: ठरावीक ॲप्सच चालतात आणि रीसेट केला तरी कुलूप परत येतं. एक पालक असाच टॅब माझ्याकडे घेऊन आले होते. मुलीचं वर्ष संपलं होतं, क्लासने शाखा बंद केली होती आणि टॅब सुरू केला की फक्त लॉगिनचा चौकोन यायचा, त्यापुढे काही नाही. पडदा चांगला, बॅटरी चांगली, पण उपयोग शून्य. म्हणून पावतीवर ‘कोर्सनंतर टॅब कुलूपमुक्त करून देऊ’ असं लिहून घ्या. लिहून देत नसतील तर फीमधून टॅबचे पैसे वजा करायला सांगा.

२०. वापरलेला टॅब स्वस्तात मिळतोय, घेऊ?

प्रश्न २ चा हिशेब आधी लावा. तो जमला तर विकणाऱ्याच्या समोरच टॅब पूर्ण रीसेट करायला लावा आणि पुन्हा सुरू करा. जुन्या मालकाचं गूगल किंवा ॲपल खातं मागितलं तर ते काढल्याशिवाय पैसे देऊ नका. सिमवाला असेल तर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक बघा, ‘केवायएम’ आणि पुढे तो नंबर लिहून १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, तिथे मूळ बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. प्रश्न १९ मधलं कुलूप इथेही निघू शकतं.

२१. एप्रिल-मेमध्ये टॅब तापतो आणि चार्जिंग थांबतं. बिघडलाय का?

बहुधा नाही, तो स्वतःला जपतोय. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा त्याच्या वर असतो. चार्जिंग सकाळी किंवा रात्री करा, त्या वेळी कव्हर काढा, गादीवर ठेवून चार्ज करू नका. बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत टॅब ठेवून जाऊ नका. थंडीतही तापत असेल किंवा पाठ फुगलेली दिसली तर मात्र लगेच बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.

२२. नवा टॅब आठव्या दिवशी बंद पडला. विक्रेता म्हणतो, ‘सात दिवस संपले, आता कंपनीकडे जा.’ तो परराज्यातला आहे. काय करू?

सात दिवस ही विक्रेत्याची बदलून द्यायची मुदत, वॉरंटी त्यापुढेही असते. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवून दोष काय आहे ते लेखी जॉबशीटवर घ्या. ती हातात आली की विक्रेता आणि कंपनी दोघांना ईमेल करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

तिथेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता कुठलाही असो, सांगलीतच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असली तरी सदोष मालाला ती लागू होत नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत न घेणं याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरतं. तक्रारीसोबत बिल, जॉबशीट, पाठवलेले ईमेल आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जोडा.